हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून येतो, आणि बफर कमी केला की तडतड

तक्रार नेहमी एकाच रूपात येते. माइक जोडला, हेडफोन लावले, मागचा ट्रॅक सुरू केला, गायला तोंड उघडलं, आणि आपलाच आवाज कुणीतरी मागून चिडवल्यासारखा परत ऐकू आला. कुणीतरी सांगतं, बफर कमी कर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून मग उचलतो तो लहान कर. बफर कमी केला की उशीर जातो, पण त्याच्या जागी तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी तडतड येते. मग बफर पुन्हा वाढवायचा, आवाज पुन्हा मागे. कुठल्यातरी मधल्या आकड्यावर तडजोड होते, काही दिवस बरे जातात. मग एखादा अपडेट येतो, किंवा गाण्यात आणखी चार ट्रॅक वाढतात, आणि पहिले पाढे पंचावन्न.

याच टप्प्यावर लोक नवा इंटरफेस (माइक-गिटार संगणकाला जोडणारी पेटी) घ्यायच्या गोष्टी करू लागतात. थोडं थांबा. पुष्कळदा हे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला अशातला प्रकार असतो. बफर हा एकच आकडा डोळ्यांसमोर दिसतो, म्हणून सगळे त्यालाच फिरवत बसतात. पण ‘उशीर’ म्हणून जे काही आपण सांगतो, त्यात दोन वेगळे रोग दडलेले असतात. एक ऐकण्यातला उशीर: तुम्ही गाता तेव्हा हेडफोनमध्ये आवाज मागून येतो. दुसरा उमटण्यातला उशीर: ऐकताना सगळं ठीक असतं, पण रेकॉर्ड झालेला ट्रॅक टाइमलाइनवर ठोक्याच्या मागे जाऊन बसतो. दोघांची कारणं वेगळी, उपाय वेगळे. पहिल्याचं औषध दुसऱ्याला दिलं तर काहीच होत नाही.

हे मला शहाणपणाने कळलं नाही. सुरुवातीच्या दिवसांत मी दोन आठवडे मेट्रोनोम लावून गिटारचा सराव केला, कारण रेकॉर्ड केलेली प्रत्येक ओळ ठोक्याच्या मागे पडलेली दिसायची. मला वाटलं माझी लयच ढिली आहे. वाजवताना हेडफोनमध्ये मात्र सगळं ठोक्यावर ऐकू यायचं, आणि नेमकी हीच गोष्ट मी मनावर घेतली नाही. हात ठीक होता. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक टेक, म्हणजे प्रत्येक वेळचं रेकॉर्डिंग, २३ मिलिसेकंद उशिराने मांडत होतं, आणि मी प्रत्येक ट्रॅक माउसने पकडून अंदाजाने डावीकडे ओढत होतो. सराव वाया गेला नाही म्हणा, पण कारण चुकीचं होतं.

आधी ही एक चाचणी करा

दहा मिनिटांचं काम आहे, वेगळी केबल लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये रिकामा प्रोजेक्ट उघडा, एका ट्रॅकवर ठोक्यांची फाइल ठेवा: मेट्रोनोमचा आवाज नव्हे, तर टाइमलाइनवर दिसणारा खराखुरा ऑडिओ क्लिक, म्हणजे नंतर शेजारी ठेवून तुलना करता येते. दुसरा ट्रॅक रेकॉर्डिंगला लावा. त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग, म्हणजे आत येणारा आवाज लगेच हेडफोनला ऐकवणं, बंद करा, इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल तर तेही बंद करा, नाहीतर कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होईल. आता हेडफोनची एक वाटी माइकच्या तोंडाशी धरा आणि आठ-दहा ठोके रेकॉर्ड करा. हेडफोनमधून बाहेर पडलेला क्लिक माइकमधून पुन्हा आत येतो, म्हणजे आवाजाने पूर्ण फेरी मारली.

आता झूम करून दोन्ही लाटा बघा. सॉफ्टवेअर आपलं काम नीट करत असेल तर त्याने या फेरीला लागलेला वेळ वजा करून रेकॉर्डिंग तेवढं डावीकडे सरकवलेलं असतं, त्यामुळे दोन्ही क्लिक एकाखाली एक दिसायला हवेत. मिलिसेकंदभर इकडे-तिकडे असेल तर सोडून द्या. पाच, दहा, तीस मिलिसेकंदांचं अंतर दिसलं तर तुमचा रोग उमटण्यातला आहे. क्लिक जागच्या जागी आहेत आणि तरी गाताना आवाज मागून येतो, तर रोग ऐकण्यातला.

चाचणी तीनदा करा, मध्ये एकदा सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून उघडा. अंतर दर वेळी तेवढंच आलं तर उपाय सोपा. दर वेळी वेगळं आलं तर कुठलाही आकडा भरून उपयोग नाही. ड्रायव्हर (यंत्र आणि संगणक यांना बोलतं करणारं सॉफ्टवेअर) किंवा जोडणीतच गोम आहे, तिकडे पुढे येतो.

उमटण्यातला उशीर

हा आधी निकालात काढू, कारण तो खरंच एका आकड्याने सुटतो. सॉफ्टवेअर ड्रायव्हरला विचारतं, ‘तुला आत-बाहेर किती वेळ लागतो?’ ड्रायव्हर एक आकडा सांगतो आणि सॉफ्टवेअर त्यावर विश्वास ठेवतं. काही ड्रायव्हर फक्त बफरचा वेळ सांगतात. आवाजाचे आकडे करणाऱ्या आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या चिपमध्ये जाणारा वेळ, यूएसबीसाठी राखून ठेवलेला जास्तीचा वेळ, हे सांगायचं विसरतात. तेवढ्या वेळाने प्रत्येक टेक मागे पडतो.

भरपाईची जागा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, नाव तेवढं वेगळं. रीपरमध्ये रेकॉर्डिंगच्या प्रेफरन्सेसमध्ये मॅन्युअल ऑफसेट, एबलटन लाइव्हमध्ये ड्रायव्हर एरर कॉम्पेन्सेशन, क्युबेसमध्ये रेकॉर्ड प्लेसमेंट ऑफसेट, लॉजिकमध्ये रेकॉर्डिंग डिले. ऑडॅसिटीत लेटन्सी कॉम्पेन्सेशन नावाची चौकट असते आणि तिथे आधीपासूनच उणे १३० मिलिसेकंद भरलेले असतात. हा एक ढोबळ अंदाज आहे, तुमच्या यंत्राचं मोजमाप नव्हे. ऑडॅसिटीत दुसरा ट्रॅक पहिल्याशी जुळत नाही अशी तक्रार करणाऱ्या नवख्यांनी ही चौकट बहुधा कधी उघडलेलीच नसते.

चाचणीत आलेलं अंतर तिथे भरा. अधिक की उणे यात गोंधळ होतोच. एकदा भरा, चाचणी पुन्हा करा, अंतर दुप्पट झालं तर चिन्ह बदला. एक गोष्ट मात्र लिहून ठेवा: हा आकडा त्या ड्रायव्हरचा आणि त्या सॅम्पल रेटचा (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो दर). यातलं काही बदललं की पुन्हा मोजायचं. माझ्या इंटरफेसच्या बुडाला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, त्यावर तारीख आणि आकडा.

ऐकण्यातला उशीर

इथे थोडं गणित लागतं, पण एकदाच. ४८ किलोहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने. बफर २५६ ठेवला म्हणजे संगणक २५६ नमुने जमेपर्यंत थांबतो आणि मग ते एकदम उचलतो. २५६ भागिले ४८,००० म्हणजे ५.३ मिलिसेकंद. तेवढेच जाताना आणि तेवढेच बाहेर येताना, वर चिप आणि यूएसबीचा खर्च. म्हणजे २५६ला ऐकण्यातला उशीर दहाच्या वर जातो. ५१२ला एका बाजूचे १०.७, १०२४ला २१.३. १०२४ वर फेरी चाळीसच्या पुढे गेली. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग १२५चा. त्या पाव ठोक्याचा तिसरा हिस्सा उशिरात गेला तर कोण ठेक्यात राहणार?

विहिरीवरून पाणी आणण्यासारखं आहे हे. तांब्याने आणलं तर पाणी लगेच पोचतं, पण फेऱ्या इतक्या होतात की एखादी चुकली की धार तुटते. घागरीने आणलं तर दमाने काम होतं, पण घागर भरेपर्यंत घरचे तहानलेले. लहान बफर म्हणजे तांब्या, तुटलेली धार म्हणजे तडतड.

किती उशीर चालतो? आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर. १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे अ‍ॅम्प साडेतीन मीटरवर ठेवून गिटार वाजवणं. वाजवणारे तसं नेहमीच वाजवतात, कुणी कुरकुरत नाही. गाणाऱ्याचं तसं नाही. गाणारा आपला आवाज कवटीतून, हाडांतून त्याच क्षणी ऐकत असतो, आणि हेडफोनमधला उशिराचा आवाज त्यावर येऊन पडतो. उशीर ५ मिलिसेकंदांचा असला तरी दोन आवाज मिसळून १००, ३००, ५०० हर्ट्‌झ अशा ठिकाणी एकमेकांना खातात. उशीर म्हणून तो जाणवतच नाही. आपला आवाज पोकळ, डब्यात गायल्यासारखा वाटतो. कित्येक जण त्यापायी माइक बदलतात.

म्हणून गाणं रेकॉर्ड करताना माझं पहिलं आणि बहुतेक वेळा शेवटचं औषध एकच: डायरेक्ट मॉनिटरिंग. इंटरफेसवर त्या नावाचं बटण असतं, किंवा एका टोकाला इनपुट आणि दुसऱ्या टोकाला प्लेबॅक असा नॉब असतो. तो लावला की माइकचा आवाज संगणकात जाऊन परत यायची वाट न बघता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला जातो. मग बफर १०२४ असला तरी गाणाऱ्याला फरक पडत नाही, आणि तडतडीचंही कारण उरत नाही. बफरची सगळी झटापट इथेच संपते, तरी लोक हे बटण वापरत नाहीत, कारण थेट आवाज कोरडा असतो, रिव्हर्ब, म्हणजे खोलीतली गुंज, नसतो. त्यावर तोड अशी की ट्रॅकवरून एका ऑक्सवर (आवाजाची प्रत घेणाऱ्या वेगळ्या चॅनेलवर) फक्त रिव्हर्ब पाठवा, त्या रिव्हर्बचा मूळ कोरडा आवाज शून्य करा, आणि तेवढीच शेपटी सॉफ्टवेअरमधून ऐका. रिव्हर्ब वीस-तीस मिलिसेकंद उशिरा आला तर कानाला खटकत नाही. खऱ्या खोलीतही तो उशिराच येतो.

एक सापळा: डायरेक्ट मॉनिटरिंग लावलं आणि सॉफ्टवेअरच्या ट्रॅकवरचं मॉनिटरिंग चालूच राहिलं, तर आवाज दोनदा ऐकू येतो. एक थेट, एक फेरी मारून. ‘डायरेक्ट लावून बघितलं, उलट आणखी वाईट झालं’ असं कुणी म्हणालं की मी आधी हेच विचारतो. दोन्हीपैकी एकच चालू हवं.

डायरेक्ट मॉनिटरिंगची सोयच नसेल तर बफर कमी करावा लागेल, पण त्याआधी आकडा नक्की कुणाला सांगताय ते बघा. विंडोजमध्ये सॉफ्टवेअरला आवाजाकडे न्यायचे अनेक रस्ते आहेत. एमएमई आणि डायरेक्टसाउंड हे जुने, लांबचे. वासापी बरा. असिओ हा स्टाइनबर्गने १९९७ मध्ये काढलेला जवळचा रस्ता, आणि इंटरफेस बनवणाऱ्याने दिलेला असिओ ड्रायव्हर असेल तर तोच निवडायचा. असिओफॉरऑल नावाची मोफत गोष्ट सगळे सुचवतात. ती विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. लॅपटॉपच्या अंगच्या साउंडकार्डसाठी ठीक, पण इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर असताना ती वापरणं म्हणजे दार उघडं असताना खिडकीतून शिरणं. मॅकवर कोअर ऑडिओ हे काम मुळातच करतो. लिनक्सवर आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर असतो, आणि रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर त्यावर जॅक नावाच्या ऑडिओ व्यवस्थेच्या मार्गाने चालतात.

‘काल नीट होतं, आज बिघडलं’ या तक्रारीतही बऱ्याचदा ड्रायव्हरच सापडतो. अपडेटनंतर सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या उपकरणावर किंवा दुसऱ्या ड्रायव्हरवर जाऊन बसतं. बफरची चौकट तिथेही दिसते, तुम्ही आकडा बदलता, आणि काहीच घडत नाही. आकडा बदलूनही उशिरात तसूभर फरक पडत नसेल तर तुम्ही चुकीच्या ड्रायव्हरशी बोलत आहात.

आणि ब्लूटूथ. ब्लूटूथ हेडफोन लावून रेकॉर्डिंग होत नाही. आवाज आधी दाबून पाठवायचा, तिकडे उलगडायचा, मध्ये साठवून ठेवायचा, यात सहज दीड-दोनशे मिलिसेकंद जातात आणि तेही दर वेळी थोडे वेगळे. शिवाय त्याच हेडफोनचा माइक वापरायला गेलात तर जोडणी फोनच्या मोडमध्ये जाते आणि आवाज एकदम मोनो, टेलिफोनसारखा होतो. चाचणीत दर वेळी वेगळं अंतर येत असेल तर आधी कानाला काय लावलंय ते बघा. वायरचे साधे हेडफोन, एवढंच उत्तर.

हळूहळू परत येणारा उशीर

मला जास्त छळलं ते याने. प्रोजेक्ट नवा असताना सगळं छान. गिटार झाली, बेस झाला, ड्रम बसवले, जरा मिक्स केलं. मग शेवटी गायला बसलो तर आवाज मागून. बफर तोच, ड्रायव्हर तोच, केबल तीच. कालपर्यंत चालत होतं!

कारण मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात त्या शेवटच्या चॅनेलवर, बसलेलं असतं. काही प्लगइनना (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरना) पुढचं आधी बघावं लागतं. मास्टरवरचा लिमिटर येणारा मोठा आवाज आधी बघतो आणि मग दाबतो. त्यासाठी तो सगळा आवाज थोडा धरून ठेवतो. लिनियर फेज इक्वलायझर तर त्याहून जास्त धरतो, काही हजार नमुने. सॉफ्टवेअर शहाणं असतं. एक ट्रॅक मागे पडला म्हणून बाकीचे सगळे तेवढेच मागे ठेवतं, म्हणजे गाणं एकत्र राहतं. नुसतं ऐकताना तुम्हाला याचा पत्ताच लागत नाही, कारण सगळंच सारखं उशिरा आहे. पण माइकमधून येणारा तुमचा आवाजही त्याच मास्टरमधून जातो. बफर तुम्हाला पाच मिलिसेकंद सांगतोय, मास्टरवरची प्लगइन गुपचूप पन्नास लावतायत.

ओळखायची खूण: त्याच बफरवर रिकामा प्रोजेक्ट उघडून गा. तिथे उशीर नसेल तर गुन्हेगार प्लगइन. मास्टरवरून एकेक काढत जा. नुसतं बायपास करून भागेलच असं नाही. काही सॉफ्टवेअर बायपास केलेल्या प्लगइनचाही वेळ धरूनच चालतात, म्हणजे बटण लाल झालं तरी उशीर तिथेच. प्लगइन काढून टाका किंवा ऑफलाइन करा. लॉजिकमध्ये लो लेटन्सी मोड, क्युबेसमध्ये कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन अशी बटणं यासाठीच दिलेली आहेत. दाबली की उशीर करणारी प्लगइन तात्पुरती बाजूला होतात.

पण माझा कल वेगळ्या सवयीकडे आहे. गायची वेळ आली की आतापर्यंतचं सगळं गाणं एका स्टिरिओ फाइलमध्ये काढायचं. नवा रिकामा प्रोजेक्ट, त्याच टेम्पोचा, त्याच सॅम्पल रेटचा. त्यात ती एक फाइल आणि आवाजाचा एक ट्रॅक. संगणकाला करायला काही उरलेलंच नसतं, त्यामुळे बफर ६४ वर नेला तरी धार तुटत नाही. गाऊन झालं की आवाजाच्या फाइली शून्य सेकंदापासून सुरू होतील अशा काढून मूळ प्रोजेक्टमध्ये टाकायच्या. जुनी टेपवाल्यांसारखी शिस्त वाटते खरी, आणि सुरुवातीला कंटाळाही येतो. पण त्या छोट्या प्रोजेक्टमध्ये मिक्सला हात लावायचा मोह होत नाही, आणि गाणं गाऊन होतं. हा मला अनपेक्षित मिळालेला फायदा.

तडतड

इथेही तोच प्रश्न आधी विचारा: तडतड ऐकण्यात आहे की उमटलेली आहे? रेकॉर्डिंग थांबवा, बफर मोठा करा, तोच भाग दोनदा वाजवा. दोन्ही वेळा त्याच ठिकाणी तडतड आली तर ती फाइलमध्ये उमटली आहे, टेक पुन्हा घ्यावा लागेल. जागा बदलली किंवा तडतड गेली तर फाइल स्वच्छ आहे, फक्त वाजवताना धाप लागत होती. कित्येक चांगले टेक या एका गैरसमजाने पुसले गेले असतील.

फाइलमध्ये असेल तर लाट मोठी करून बघा. डोंगराचा माथा कापल्यासारखा सपाट दिसला तर ती तडतड नव्हेच, गेन (माइकचा आवाज आत घेताना वाढवण्याचं प्रमाण) जास्त होता. मोठ्या स्वरांवरच येते ती ही. गेन एवढा ठेवा की तुमचा सगळ्यात जोराचा सूर मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास थांबेल. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर खाली भरपूर जागा असते, शून्याला भिडवायची गरज नाही. लाटेत अचानक उभी रेघ किंवा तुटलेला तुकडा दिसला, तर मात्र नमुने हरवले आहेत.

आता सगळ्यांना चकवणारी गोष्ट. सीपीयूचा मीटर वीस टक्के दाखवतो आणि तरी आवाज तुटतो. ‘संगणक तर मोकळा आहे!’ मीटर सरासरी दाखवतो. आवाजाला सरासरीशी देणंघेणं नसतं. ४८ किलोहर्ट्‌झला १२८चा बफर ठेवला तर २.७ मिलिसेकंदांत एक बफर भरून द्यायचा आहे, आणि नेमक्या त्या क्षणी वायफायच्या ड्रायव्हरने प्रोसेसर तीन मिलिसेकंद अडवून धरला, की धार तुटली, मग बाकीचा सेकंद संगणक झोपलेला का असेना. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं छोटं साधन मिळतं. ते दहा मिनिटं चालू ठेवलं की कुठल्या ड्रायव्हरने किती वेळ अडवलं ते सांगतं. वायफाय, ग्राफिक्स कार्ड आणि बॅटरीची देखरेख करणारा भाग ही नेहमीची नावं. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करणं हा फुकटचा आणि आश्चर्य वाटावं इतका गुणकारी उपाय आहे. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, लॅपटॉप चार्जरला लावा. चार्जर लावल्यावर घरघर सुरू झाली तर तो अर्थिंगचा वेगळा आजार आहे, त्याला बफरशी जोडू नका.

इंटरफेस हबमधून जोडला असेल तर हब काढून थेट संगणकाच्या पोर्टला लावा. सैल केबल बदला. सॅम्पल रेट ९६ वर ठेवला असेल तर खाली आणा: तिथे त्याच बफरला निम्माच वेळ मिळतो आणि प्लगइनचं काम दुप्पट होतं. घरगुती रेकॉर्डिंगला ४८ किंवा ४४.१ पुरेसं आहे, या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

सुरुवातीला जुळलेलं, शेवटी सुटलेलं

पहिल्या कडव्यात सगळं ठोक्यावर, शेवटच्या कडव्यात मागे-पुढे. यावर बफर आणि ऑफसेट, दोन्हींचं औषध चालत नाही. यूएसबी माइक वापरणाऱ्यांकडे हे जास्त दिसतं: माइक यूएसबीचा, हेडफोन लॅपटॉपच्या जॅकमध्ये. दोन यंत्रं, दोन घड्याळं. दोघांवर ४८,००० लिहिलेलं असलं तरी दोन घड्याळं तंतोतंत सारखी कधीच चालत नाहीत. दहा लाखांत ५० चा फरक धरला तरी मिनिटाला ३ मिलिसेकंद, पाच मिनिटांच्या गाण्यात १५. ठरावीक अंतराने येणारी एकेक टिचकीही याचीच खूण असू शकते.

यूएसबी माइकला स्वतःचा हेडफोन जॅक असतो, बहुतेकांना. हेडफोन तिथे लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये आत-बाहेर दोन्हीकडे तोच माइक निवडा. घड्याळ एक झालं. मॅकवर दोन यंत्रं जोडून अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस करावंच लागलं तर ड्रिफ्ट करेक्शनची खूण लावायला विसरू नका.

ट्रॅक नुसता सरकत नाही, सूरही उतरलेला वाटतो, जवळजवळ दीड सेमीटोन? मग घड्याळाचा नव्हे, सॅम्पल रेटचा घोळ आहे. ४८ ला केलेलं रेकॉर्डिंग ४४.१ समजून वाजवलं जातंय. फाइल, प्रोजेक्ट आणि इंटरफेस तिन्ही ठिकाणचा आकडा एक करा.

मिडी कीबोर्डवाल्यांसाठी

तुमच्याकडे हेच दुखणं उलट्या पायांनी येतं. कीबोर्डमधून आवाज जात नाही, नुसती ‘ही कळ या क्षणी दाबली’ एवढी खबर जाते, आणि पियानोचा आवाज संगणक तयार करतो. इथे डायरेक्ट मॉनिटरिंगला धरायला काही नाही, म्हणून बफर खरंच १२८ किंवा ६४ ला न्यावा लागतो, आणि त्यासाठी बाकीचे ट्रॅक फ्रीझ करावे (तयार ऑडिओ करून ठेवावे) लागतात. आत यायची फेरी नसते, फक्त बाहेर जायची, त्यामुळे तोच बफर गाणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याला निम्म्याने कमी जाचतो.

उलटे पाय म्हणालो ते यासाठी: उशीर ऐकू येत असताना हात आपोआप घाई करतो. आवाज ठोक्यावर यावा म्हणून तुम्ही कळ थोडी आधी दाबता, नकळत. ऐकताना सगळं जुळलेलं, आणि नंतर बघावं तर नोट्स ठोक्याच्या आधी पडलेल्या. नोट्स मागे असत्या तर ड्रायव्हरवर संशय आला असता. पुढे दिसतात म्हणून माणूस स्वतःलाच उतावळा ठरवतो आणि क्वांटाइझ (नोट्स आपोआप ठोक्यावर बसवणं) मारून मोकळा होतो, त्यात वाजवण्यातला सगळा जिवंतपणा जातो. कीबोर्डमध्ये स्वतःचे आवाज असतील तर रेकॉर्ड करताना सॉफ्टवेअरचा पियानो म्यूट करा, कीबोर्डचा हेडफोन जॅक इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडा, डायरेक्ट मॉनिटरिंगवर त्याचाच साधा पियानो ऐकत वाजवा. खबर मिडीवर जातेच आहे, चांगला पियानो नंतर त्यावर बसवता येतो. तसे आवाज नसतील तर वाजवण्यापुरता एखादा हलका, साधा पियानो लावा आणि जड सॅम्पलवाला मागाहून बदला.